कच्च्या आवाजाचं दार

माझी पत्नी अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. तयार पाठ माझ्या फोनमध्ये आहेत. पण त्यांतला आवाज पुस्तकी, सावकाश. घरात ती तशी बोलत नसे. तिची मराठी इथली, बऱ्हाणपूरची, अर्धी हिंदीत भिजलेली. वाचता वाचता ती मध्येच मला काही सांगे आणि नंतर ते कापून टाके. न कापलेली रेकॉर्डिंगं फक्त तिच्या लिनक्सच्या संगणकात होती. ती गेल्यावर मला तेवढीच हवी होती. तिचे शब्द आठवत होते, तिचा घरातला आवाज आठवेनासा झाला होता.

संगणक सुरूच होईना. इथल्याच लालबागेतला संगणक दुरुस्त करणारा दुकानदार म्हणाला, "सर, डिस्क में कुछ दिख नहीं रहा. फॉरमॅट मार दूं?" मी संगणकातल्या दोन्ही डिस्क उचलून घरी आणल्या.

नेपानगरच्या कागद कारखान्यात संगणक सांभाळणारी माझी मेव्हणी रविवारी आली. तिने डिस्क स्वतःच्या संगणकाला जोडल्या आणि पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं. माझ्या पत्नीने दोन्ही डिस्क मिळून एकच जागा केली होती, तिचं नाव 'कच्चे'. यादीत ते नाव आलं.

"बघा भाऊजी, आहे."

उघडायला गेली तर उत्तर आलं, असं काही नाही.

"आत्ता तर आहे म्हणालीस."

"आहे हो. दार नाही." लिनक्समध्ये अशा प्रत्येक जागेसाठी एका ठरलेल्या ठिकाणी एक फाईल असते, तिच्यातूनच आत जाता येतं. ती फाईल तयारच झाली नव्हती.

तिने जागा चालू करायची आज्ञा दिली. चालू झाली, असं उत्तर आलं. दार नाहीच. संगणक बंद करून पुन्हा लावला. तेच. मी म्हणालो, "नसेलच काही आत. राहू दे. तो दुकानदार म्हणत होता तसं..."

"त्याला केळीचा घड द्या फॉरमॅट करायला. आणि तुम्ही जरा गप बसा."

बऱ्याच वेळाने ती स्वतःवरच चिडली. दारं तयार करणारा प्रोग्रॅम या पेन ड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये सुरूच झाला नव्हता. तिने वेगळी आज्ञा देऊन राहिलेली दारं करायला लावली आणि दारांची यादी काढली. त्यात 'कच्चे' होतं. आत काही लिहिलं जाणार नाही अशा बेताने तिने ते उघडलं आणि पहिलीच फाईल लावली.

भूगोलाचा धडा. तापीचा उगम, मग खोरं. वाक्य अर्ध्यावर तुटलं.

"अहो, दूध देखो ना जरा. ऐकता का नाही?"

त्यानंतर फक्त पंख्याचा आवाज. मी त्या दिवशी काही बोललोच नव्हतो.

"अजून लावू?" मेव्हणीने विचारलं.

"तेच लाव," मी म्हणालो.