प्यायच्या पाण्यात पाय

गेल्या शुक्रवारी वज्रेश्वरीच्या पुढच्या रानात एका मावशीच्या शिव्या खाल्ल्या... आणि चक्क गप्प बसून खाल्ल्या. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही, म्हणून लिहितोय.

शुक्रवारी आमचे लूम बंद असतात. कॉलेज अर्धवट सोडल्यापासून मी निजामपुऱ्यात मामाच्या कारखान्यात तागे तपासतो, त्यामुळे तेवढा एकच दिवस माझा. घरी सांगितलं, कुंडावर आंघोळीला चाललोय. निघालो होतो मात्र तिच्या आजोळी...

ती कोण, ते विचारू नका. सुट्टीत ती आजोळी गेली आणि तिला बघायला पाहुणे येणार आहेत, हे मला भलत्याकडूनच कळलं. तिचा मेसेज आला होता, "थोडे दिवस थांब, मी घरी बोलते. इथे येऊ नकोस." मी त्यातलं 'येऊ नकोस' एवढंच वाचलं आणि डोकं फिरलं. ठरवलं, थेट दारात उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर काय तो सोक्षमोक्ष लावायचा.

वज्रेश्वरीला एसटीतून उतरलो. रिक्षावाला म्हणाला, "भाऊ, अजून दोन सीट येऊ दे, मग निघू." दहा मिनिटं थांबलो, मग भांडलो आणि उतरून चालायलाच लागलो. मोबाईल रानातून वाट दाखवत होता, दीड तासाची.

अकलोली मागे टाकली की शेराच्या कुंपणांमधून एक गल्ली जाते, जेमतेम बैलगाडीपुरती. दोन्हीकडे शेतं भाजून काढलेली, जमीन काळी. पुढे नदीकाठची दलदल... मे महिना असूनही ओली, लव्हाळ्यात बगळे उभे. मी नाकासमोर चालत होतो, दोन्ही पाय घोट्याच्या वर रुतले. बूट चिखलाने भरले, तसाच चालत राहिलो.

मग रान लागलं. साग पार उघडे पडलेले आणि खाली वाळका पाला. इतका वाजायचा, की मागून कोणी येतंय असं वाटून मी दोनदा वळून पाहिलं. मधेच कुडा पांढराशुभ्र फुललेला... जाळीत करवंदं काळी झालेली. रागात होतो, तरी मूठभर खाल्ली. तिच्या मामाला काय सुनवायचं ते मोठ्याने पाठ करत होतो, तोंडात करवंदं घेऊनच.

तासाभराने एक कोरडा ओहोळ आला. वाळूत गुडघाभर खोल खड्डा, तळाशी टोपभर पाणी. बाजूला दोन हंडे, माणूस कोणी दिसेना. मी बूट काढले, खड्ड्यात पाय घातले आणि मजेत धुवायला लागलो...

"आरं ए! पाय काढ! पाय काढ भायेर!"

जांभळाखालून एक मावशी धावत आली. तो झिरा होता, प्यायच्या पाण्याचा. वाळूतून थेंब थेंब झरून पाणी साठतं, मग ते वाटीने हंड्यात भरायचं. मावशी तासभर सावलीत बसून होती. आता भरणार, तेवढ्यात मी पाय धुतले.

"डोळं फुटलं का तुजं? हंडे दिसलं न्हाय? का भिवंडीत पियाच्या पान्यातच पाय धुत्यात?"

"मला काय माहीत, मावशी!" माझा आवाज चढला होताच. मग हंड्यात डोकावलो... दोन्ही कोरडे. पुढचं बोलणं घशातच राहिलं.

घाईघाईने हाताने वाळू उकरायला लागलो. वाटलं, खड्डा मोठा केला की पाणी लवकर येईल. मावशीने मनगट धरलं. "नको हात लावू. आजून गढूळ करशील. ह्ये पानी काढून टाकू नि बसू. दुसरं काय न्हाय त्याला."

पाणी काढून टाकलं आणि बसलो जांभळाखाली. कुठं चाललास, तिने विचारलं... आणि का कोण जाणे, एका अनोळखी बाईला मी सगळं सांगून टाकलं.

"पोरीनं बोलावलंय तुला?"

"नाही."

"मंग काय बोलली?"

"थांब म्हणाली."

"मंग चाललास कशाला?"

"प्रेम आहे माझं तिच्यावर!"

मावशी हसली. "हाय ना? आसू दे. तू बोंबलशील नि एसटीनं जाशील भिवंडीला. ती त्याच घरात ऱ्हायची हाय. तिनं काय करायचं मागं?"

इतके दिवस मी फक्त माझ्या तिथे पोचण्याचा विचार केला होता. मी निघून गेल्यावर तिथे काय होईल... खरंच सांगतो, एकदाही मनात आलं नव्हतं.

पाणी यायला पाऊण तास लागला. पहिली वाटी मावशीने मलाच दिली. प्यायलो, पण तिच्याकडे बघवेना.

एक हंडा मी उचलून पाड्यापर्यंत नेला, निम्मा अंगावर सांडत. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. "काकी, ह्या पाव्हन्याला ठेवून घे गो! रोज पानी भरंल!"

"नको गं बाय, पाय धुतोय त्यो," मावशी म्हणाली.

पाड्याच्या टेकाडावरून तिचं आजोळ दिसतं. कौलं, एक मोबाईल टॉवर, अंगणात वाळत घातलेले कपडे. अर्ध्या तासाची वाट होती. बराच वेळ तिथे उभा राहिलो... आणि आलो तसा रानातून परत फिरलो.

ती घरी बोलली की नाही, अजून माहीत नाही. छातीत धडधड होते, पण फोन केलेला नाही. ती सांगेल तेव्हा सांगेल.

मावशी, तुमचं नाव विचारायचंसुद्धा राहिलं. त्या दिवशी तुमच्या घरी पाणी उशिरा पोचलं, त्याबद्दल माफी... आणि तिच्या दारात मी पोचलोच नाही, त्यासाठी तुमचे पाय धरतो.