पावडरखालचं पुरळ

लेकीच्या मानेवर आणि हातांवर लाल पुरळ उठलं, तेव्हा झेंडावंदनाला जेमतेम तीन दिवस उरले होते. ती दुसरीत होती, आणि शाळेच्या लेझीम पथकात सगळ्यांत पुढे नाचायचा मान तिला मिळाला होता. महिनाभर त्या लेझमीने आमचे कान किटवले होते.

सासूबाईंनी पुरळ पाहिलं आणि हात जोडले. "माता आली माय पोरीले."

गोवर असो की कांजिण्या, आमच्याकडे ती माताच. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. फोडणी बंद, आंघोळ बंद, औषध तर नावालाही नाही, आणि पाच दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. लेकीने लेझीम उशाशी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ते पाहून मला भडभडून आलं, आणि रागही आला. अंगात ताप नाही, खोकला नाही, नुसती खाज. ही कसली माता?

आमच्या गावच्या आशाताईंनी फोनवरून डॉक्टरला दाखवायची सोय माझ्या मोबाइलवर करून दिली होती. मी सासूबाईंना सांगून टाकलं, "आत्याबाई, उद्या सकाळी मी पोरीले फोनवर दाखवतो."

"काऊन? नजर लागन ना लेकराले!"

"डॉक्टर बाईच आहे."

"बाई हाय का? मंग दाखव. पण औषध मी देऊ देणार नाही."

सकाळी मी रेंजसाठी आधीच गच्चीवर जाऊन बसले. फोन लागला आणि सासूबाई लेकीला घेऊन वर आल्या. मी कपाळावर हात मारला. मातेला पाणी चालत नाही, पण मोठ्या माणसापुढे पोर तशीच कशी न्यायची? म्हणून त्यांनी तिला नवा फ्रॉक घातला होता, गालाला तीट लावली होती आणि तोंड, मान, हात पावडरने पांढरेफटक करून टाकले होते.

डॉक्टरबाई फोनमध्ये वाकून पाहू लागल्या. "हे पांढरे चट्टे कधीपासून आहेत?"

"पावडर आहे, मॅडम," मी म्हणाले. जीव द्यावासा वाटला.

"मग ओल्या फडक्यानं पुसून घ्या."

"पाणी नाही लावत मातेले," सासूबाई ठाम.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "बरं आजी, पोटाला तर पावडर नाही ना लावली? तेवढं दाखवा."

सासूबाईंनी फ्रॉक वर केला. पोट स्वच्छ. लेकीला फिरवलं, पाठही स्वच्छ. त्या बघतच राहिल्या. चार लेकरांना मातेत सांभाळलेली बाई ती. हळूच म्हणाल्या, "मातेनं कोणाचं पोट नाही सोडलं बाई. हिच्या बापाची तर सारी पाठ भरली होती."

"बरोबर बोललात आजी. कपडा नाही तिथंच उठलंय हे. कुठं खेळत होतीस गं?"

लेकीने मान खाली घातली. "कुटारात. उडी मारून पायली. थोडीशीच."

तुरीचं कुटार! खळ्यावर तो भुसा अंगाला नुसता लागला तरी मोठी माणसं खाजवून हैराण होतात. आणि ही बया त्याच्या ढिगावर लेझमीच्या उड्या मारत होती.

सासूबाईंनी माझ्याजवळच्या तांब्यातल्या पाण्यात पदराचं टोक बुडवलं आणि स्वतःच्या हाताने नातीची मान पुसली. मला तिथेच गच्चीवर नाचावंसं वाटलं.

डॉक्टरबाईंनी पुरळ नीट पाहिलं. पाण्याने आंघोळ घाला, लोशन लावा, खाजेचं औषध देते, आणि ताप आला किंवा दोन दिवसांत उतरलं नाही तर दवाखान्यात आणा, असं सांगितलं. सासूबाईंनी फोनवर आलेलं औषधाचं नाव माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. खाली येऊन दाराचा डहाळाही त्यांनीच काढला.

दवाखान्यात जायची वेळ आली नाही. झेंडावंदनाच्या सकाळी प्रभातफेरी आमच्या दारावरून निघाली, तेव्हा पुरळाची नुसती फिकट खूण उरली होती. शेजारीण सासूबाईंना म्हणाली, "पोरीले माता होती ना वं?"

"कुटार होतं. म्याच ओळखलं, फोनवर."

खोटं थोडंच होतं ते! तेवढ्यात पथक समोर आलं, लेक सगळ्यांत पुढे. आम्हाला बघून ती जराशी बिचकली. सासूबाईंनी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "मार माय, मोठी उडी मार!"