न फिरवलेली गाडी

ही गोष्ट घरात कुणाला ठाऊक नाही. माझी एक जिवलग मैत्रीण आहे, तिलाही नाही. आठ वर्षं झाली. आज सांगतेय ती मन हलकं व्हावं म्हणून नाही. वाचून तुम्हाला माझी दया येणार असेल, तर इथेच थांबा.

वालीवला आमचं मोटरसायकलचं गॅरेज आहे. पप्पांचं, पण आता कामाचं सगळं मीच बघते. शाळा इंग्रजी माध्यमाची, कॉलेज कॉमर्सचं आणि नखांत ग्रीस — लोकांना याची गंमत वाटते. मागे एका महिला मंडळाने बोलावून शाल-श्रीफळ दिलं. माइकवर मला दोनच वाक्यं बोलता आली. काम वडिलांकडून शिकले, असं म्हणाले. तेही खोटंच. पप्पा टेबलाशी बसायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे. मला शिकवलं दामूकाकांनी.

पण मला सांगायचंय ते हे नाही. म्हणजे — हेही आहेच, पण हे लहान आहे.

दामूकाका कामणचे. गॅरेज उघडलं त्या दिवसापासूनचे आमचे मिस्त्री. ही गोष्ट घडली तेव्हा साठीला आले होते. मी एकोणीस वर्षांची, कॉलेज सुटलं की गॅरेजमध्ये जाऊन नुसती बघत उभी राहायचे. एकदा त्यांनी माझ्या हातात पाना दिला आणि म्हणाले, "विंग्रजी शाळेत हे धरायला नाय शिकवत काय? वही धरल्यासारखा नको धरू, पोरी." मी हसले असेन. त्यांच्यासमोर मला हसता यायचं.

क्लच त्यांनी मला असा शिकवला. लिव्हर दाबायला घेतलं की पहिलं बोटभर ते मोकळं आलं पाहिजे, मग ताण लागला पाहिजे. ती ढिलाई ठेवावीच लागते. केबल ओढून ती काढून टाकली, तर क्लच पूर्ण बसतच नाही, आतल्या प्लेटा घासत राहतात आणि जळतात. म्हणून त्यांचा एक नेम होता. क्लचला हात लावला की गाडी सातिवलीच्या नाक्यापर्यंत फिरवून आणायची, इंजिन तापू द्यायचं, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं. तोवर हात धुवायचे नाहीत. चहा आला तरी नाही. हात धुतले म्हणजे काम झालं, असं सगळ्या गॅरेजने समजायचं.

पप्पांनी मला काम करू दिलं ते एका अटीवर. मी खोलावं, जोडावं, पण गाडी काकांनी फिरवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात जाणार नाही. आणि एकदा जरी काही बिघडलं, तरी पाना खाली ठेवायचा. कायमचा.

त्या दुपारी काका स्पेअर पार्ट आणायला गेले होते. गावोगाव पाव पोचवणाऱ्या अंतोनची गाडी मी घेतली. नवी केबल घातली, ढिलाई लावायला बसले. माझी बोटं आखूड आहेत. ढिलाई ठेवली की लिव्हर मला शेवटपर्यंत दाबता येईना. मग मी ती कमी केली. अजून कमी केली. जराशा दाबाने काम होऊ लागलं — मला किती छान वाटलं. आणि खरं सांगू? ती बोटभर ढिलाई मला आधीपासून गबाळं काम वाटायची. काकांपेक्षा मला जास्त कळतं, असं वाटायचं. का नाही वाटणार? गाडीबरोबर येणारं इंग्रजी पुस्तक मला वाचता येत होतं, त्यांना नाही. त्यातही ढिलाई ठेवा असंच लिहिलंय, हे मात्र मी सोयीने विसरले होते.

गाडी फिरवायची राहिली. समोर चहाची टपरी होती, तिथे कायम सात-आठ पुरुष. मी गाडीवर बसले की एकजण तरी बोलायचाच — "मॅडम, जपून हां, गाडीच तुम्हाला फिरवून आणेल." त्या दिवशी मला ते ऐकायचं नव्हतं. मी नळाखाली हात धुतले.

संध्याकाळी पप्पा बाहेरून आले, तोवर काकाही परतून मागे दुसऱ्या गाडीला लागले होते. पप्पांनी टेबलावरून विचारलं, "काकांनी फिरवून बघितली ना?"

"हो," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी अंतोन गाडी ढकलत आला. "शेट, कामनच्या चढावर तुमचा क्लच खलास. रेस देतो तर गाडी जाग्यावरच. पावाचे क्रेट डोक्यावर घेऊन चाललो मी. कोनी केलेला?" इंजिनाचं झाकण उघडलं तर जळका वास, प्लेटा काळ्याठिक्कर. टपरीवरचेही उठून बघायला आले.

काका म्हणाले, "ही गाडी मी फिरवलीच नाय."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नाही, आजही नाही. त्या दिवशी मी काकांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "काका, तुम्हीच तर फिरवून आणलीत. मग हात धुतलेत."

लाजाळू मुलगी खोटं कशाला बोलेल? सगळ्यांनी तेच धरलं. माझा अबोलपणा माझ्या बाजूने साक्ष द्यायला उभा राहिला आणि मी राहू दिला.

ते भांडले असते तर बरं झालं असतं. ते भांडले नाहीत. हळूच म्हणाले, "फिरवली होती मी? मग ध्यानात कसं नाय?"

माझ्या हातात पाना राहिला. त्यानंतर काका प्रत्येक गाडी दोनदा फिरवायला लागले, मग तीनदा. घट्ट केलेला नट पुन्हा घट्ट करायचे. मला विचारायचे, "पोरी, हे मी बघितलं ना?" मी सांगायचे, "हो काका." चार महिन्यांनी त्यांनी स्वतःच काम सोडलं. पप्पांना म्हणाले, डोकं चालत नाय आता, कुनाच्या जिवावर बेतायला नको. घरी मुलाने त्यांची गाडी काढून घेतली. त्यांना एकटं कुठे पाठवत नाहीत. गॅससुद्धा पेटवू देत नाहीत.

मी लहान होते, घाबरले होते — असं म्हणू नका. मी घाबरले नव्हते. मला ते काम हवं होतं आणि त्यासाठी एका माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास मी घेतला. काम मला आवडतं. मी ते चांगलं करते. प्रायश्चित्त म्हणून पाना खाली ठेवणार नाही, कुणी सांगितलं तरी. शिक्षा झाल्याचं नाटक करून मोकळं व्हायला मला जमणार नाही. गॅरेज चालू राहील. ज्यांना गाडी दुसरीकडे न्यायची त्यांनी न्यावी.

हा कागद आज पप्पांना देणार आहे. रविवारी कामणला जाऊन काकांच्या मुलासमोर, सुनेसमोर मोठ्याने वाचणार आहे. इतक्या वर्षांनी काका खरोखरच विसरायला लागले असतील का, मला माहीत नाही. असतील, तर ते माझं वाक्य ऐकून विसरून जातील. तरीही वाचणार.

अंतोनची गाडी काकांनी फिरवली नव्हती. त्यांना सगळं नीट आठवत होतं.