बोलपटातलं कुरुमकुरुम
चिवड्याचा डबा उघडला, की मला अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधलं ते जुनं थिएटर आठवतं. पुण्याहून आलेल्या आईला मी एका फ्रेंच कादंबरीवरचा, बोलपट नुकते सुरू झाले तेव्हाचा सिनेमा दाखवायला नेलं होतं. पार्श्वसंगीत नावालाही नव्हतं. भुकेला नायक पाव चोरत असताना सगळे श्वास रोखून बसले होते, आणि शेजारी आईचं कुरुमकुरुम सुरू झालं. पुढच्या रांगेतून वळून बघितलं ते नेमकं माझ्या पीएचडीच्या गाईडनी. “आई, ठेव तो डबा, प्लीज!” “अगं, बघतोय बिचारा, भूक लागली असेल,” म्हणत तिने त्यांच्या हातावर मूठभर चिवडा ठेवलासुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोड्या वेळाने पुढूनही कुरुमकुरुम ऐकू आलं. परवा सर भेटले, तेव्हा माझ्या रिसर्चबद्दल चकार शब्द नाही. आई पुन्हा कधी येणार, एवढंच विचारलं.