पाटलांचा श्वास

विद्यापीठाच्या नामांतराच्या तापल्या दिवसांत येलदरी धरणाच्या पाण्यात आमचे पाटील बुडाले. बाहेर काढले तेव्हा श्वास बंद होता. आम्ही जाणत्या मंडळींनी ताबडतोब त्यांना चप्पल हुंगवली. मिरगीलाही आमचं हेच औषध. पाटील ढिम्म.

गर्दीतून एक अनोळखी माणूस पुढं आला. त्यानं पाटलांचं नाक चिमटीत धरलं, तोंडाला तोंड लावून हवा भरली, छाती दाबली. पुन्हा पुन्हा. शेवटी पाटील खोकले.

लगेच आमच्यातल्या एकानं विचारलं, "पावनं, आडनाव काय तुमचं?" जात विचारायची ही आमची सभ्य रीत.

बाहीला तोंड पुसत तो म्हणाला, "सांगतो की. पर चालणार नसंल, तर माजा श्वास तेवढा माघारी द्या."

सगळ्यांनी पाटलांकडं पाहिलं. पाटील मात्र श्वास घेत राहिले.