शेवटच्या रेषेवरची घंटा

सन १९८१, पौषातला रविवार, सकाळी सात. ठिकाण : गंगापूर रोडजवळचं मैदान. हजर : शंभर मीटरच्या मुली सहा. पैकी कमल जन्मांध. शांताच्या पायाला पोलिओ, म्हणून तिची सुरुवातीची रेषा वीस मीटर पुढे. बाकी चौघी धडधाकट. पंच दोन. क्रीडा समितीचे साहेब. आणि हातात यादी घेतलेली मी, खेळ शिकवणारी बाई.

यादीशिवाय मी घराबाहेर पडत नाही. सप्तशृंगी आईपुढेसुद्धा मी मागण्या क्रमाने मांडते. आमचे हे म्हणतात, "देवीला श्वास तरी घेऊ दे गं!" त्या पहाटे मागणी एकच होती : ही शर्यत नीट पार पडू दे. सगळ्या मुलींनी एकाच शर्यतीत पळावं ही खटपट माझी, आणि साहेबांनी परवानगी दिली ती बजावूनच : "एक जरी मुलगी आपली पट्टी सोडून गेली, तर पुढच्या वर्षीपासून अंध-अपंगांचं वेगळं. मग माझ्याकडे यायचं नाही."

नदीवरून धुकं चढलं होतं. चुन्याच्या फक्कीच्या रेषा पायाजवळ तेवढ्या दिसत, पुढे दुधात विरघळून जात. माणसं अर्धवट दिसायची, आवाज भलतीकडूनच यायचे. आपण अजून अंथरुणातच आहोत आणि हे मैदान झोपेत दिसतंय, असं मला वाटत होतं. तेवढ्यात कमलने विचारलं, "बाई, घंटा कुठाय?"

यादीत घंटेपुढे बरोबरची खूण होती. दोन महिने कमल शाळेच्या आवारात पळत होती, ती कडुनिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्याच्या ठणठणाटाकडे. शाळेची घंटा, ती शाळेत आहेच, म्हणून मी खूण करून मोकळी झाले. मैदानात ती आणायला हवी, हे डोक्यातच आलं नाही. नुसती हाक मारावी तर मुलींच्या ओरड्यात ती बुडणार. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "वगळा तिला. पाचजणी पळवा." कमलने चपला काढून ठेवल्या होत्या. "मी थांबते, बाई," ती म्हणाली. पण पायाची बोटं मातीत तशीच रोवलेली. मी यादी मिटली. "आई, मला काही सुचत नाही," एवढंच मनात आलं. क्रम नाही, मागणी नाही.

आणि धुक्यात घंटा वाजली. वाट चुकून एक बैलगाडी मैदानात शिरली होती; मागे झेंडूच्या पाट्या, पुढे एक बाई, डोक्यावर पदर.

"फुलबाजाराचा रस्ता ह्योच का वो?"

मी रस्ता सांगायचा सोडून घंटेचंच सांगत सुटले. ती हसली. "मंग बैल पळवायचाय व्हय तुमाला?" म्हणत उतरली, एका बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा सोडली आणि विचारलं, "कुठं उभी ऱ्हाऊ?"

कमलच्या पट्टीच्या टोकाला मी तिला उभं केलं. शिट्टी झाली. सहाही मुली धुक्यात शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. मी डोळे मिटले. पावलं, धाप, आणि त्या सगळ्यापलीकडे ती घंटा, संथ, जणू आरती चालू आहे.

कमल चौथी आली. पुढे ऊन पडलं तेव्हा दवाने भिजलेल्या मातीत पावलांच्या सहा ओळी दिसल्या. एकही दुसरीत मिसळली नव्हती, आणि सगळ्यांत सरळ ओळ कमलची होती. साहेब ती बघत चालत टोकापर्यंत गेले. परत येऊन म्हणाले, "पुढची शर्यत लावा. सगळ्यांची."

घंटा कमलच्या हातात होती. ती बाई मात्र आधीच निघून गेली होती. धुक्यात गाडी दूर जाताना मी ऐकली होती. एकाच बैलाची घंटा वाजत होती.

देवी आली होती, असं मी म्हणत नाही. त्या बाईच्या टाचांना मळ्याचा चिखल होता, तो मी पाहिला आहे. पण हात रिकामे झाल्याशिवाय त्यात कुणी काही ठेवू शकत नाही, हे मला त्या सकाळी कळलं. फुलबाजारात मी किती दसरे तिला शोधलं. आता दर वर्षी शर्यतीत तीच घंटा वाजते, आणि दर वर्षीच्या यादीत शेवटची ओळ खुणेविना राहते : घंटा परत करणे.