विलासच्या गळ्यावर आलेला वस्तरा

मी कराडचा न्हावी. चौथी शिकलो. चाळीस वर्षं माणसांच्या गळ्यावर वस्तरा फिरवला, त्यात मेलेली माणसंही होती. घरचे रडत बसायचे आणि मी दाढी करायचो. एकही उठून बोलला नाही. म्हणून भूतबित काही नसतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या अंकात तुम्ही लोक असलं काहीबाही लिहिता, ते वाचून मी हसायचो... आता हे माझं वाचा.

सत्त्याण्णव सालच्या थंडीतली गोष्ट. गाव श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स. मुलगा विलास इथं कंपनीत कॉम्प्युटरवर. लग्न झालेलं नव्हतं. मी आणि सगुणा, माझी बायको, त्याच्याकडे राहायला आलो होतो. मला दिवसभर काम नाही, तेव्हा जुने अमेरिकन वस्तरे जमवायचा नाद लागला. शनिवारी विलास गॅरेज सेलला न्यायचा. इथले म्हातारे मेले की त्यांचे वस्तरे बिस्किटाच्या डब्यात घालून विकायला काढतात. पण पोलाद असं की हातात धरल्यावर कळतं. मी बेसमेंटमध्ये बसून गंज काढायचो, दगडावर धार लावायचो, मूठ सैल असली तर नवी खीळ ठोकायचो. सगुणा पायरीवर बसून म्हणायची, "इथं कुणाची दाढी करणार तुम्ही? बर्फाची?"

एका घरी म्हातारीनं हाडाच्या मुठीचा एक वस्तरा दाखवला. दाखवला म्हणजे काय, हात लावला नाही, कोपरानं डबा पुढं सरकवला. विलासनं विचारलं तर एवढंच म्हणाली की नवऱ्याच्या काकाचा आहे, पैसे नकोत, घेऊन जा. घरी आणून मूठ घासली तर फटीतून लाल पाणी आलं. गंज लालच निघतो, मी मनावर घेतलं नाही. पण मग चामड्याच्या पट्ट्यावर पहिलाच हात फिरवला आणि पट्टा आडवा कापून दोन तुकडे. शिकाऊ पोराच्या हातून असं होतं. माझ्या हातून कधीच झालं नव्हतं. डोळे गेले म्हणालो आणि वस्तरा कपाटात ठेवला.

पुढं सगुणा आजारी पडली. तिनं एकच धरलं, मला कराडला न्या, मला इथं मरायचं नाही. विलासनं तिकीट काढलं. मग त्याच्या ऑफिसात काम निघालं, डॉक्टरही नको म्हणाले, त्यानं तिकीट कॅन्सल केलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही. तो खोलीत आला की भिंतीकडं तोंड करायची. तशीच गेली.

दहाव्याला विलासचं डोकं करायचं होतं. इथं दुसरा न्हावी कुठला आणायचा? मीच बसलो. आता आमच्या घरात एक रीत आहे, माझ्या बापापासूनची. दहाव्याचा वस्तरा वेगळा. जिवंत माणसांच्या दाढीचा वस्तरा त्या कामाला लावायचा नाही. माझा दहाव्याचा वस्तरा कराडला राहिला. म्हणून कपाटातला तो हाडाच्या मुठीचा काढला. आधी माझ्या हातावरच्या केसांवर चालवून बघितला. लोण्यासारखा चालला.

सकाळची वेळ, गॅरेजचं दार अर्धं वर, बाहेर बर्फावर ऊन. विलास खुर्चीवर, मान खाली. अर्धं डोकं झालं. मग तो म्हणाला, "आप्पा, गावाला नेलं असतं तरी ती वाचली नसती. तिकीट कॅन्सल केलं ते बरंच झालं."

आणि माझा उजवा हात खाली गेला.

मी नेला नाही. कानाची पाळी कापत तो सरळ गळ्याकडं निघाला. मनगटाला काहीतरी घट्ट आवळलं होतं... मी सगळा जोर लावला तरी हात ऐकेना. पातं गळ्याच्या शिरेवर टेकलं. कातडी फाटून रक्ताची रेघ उठलेली मी बघितली. मग मी डाव्या हातानं पातंच धरलं. बोटं हाडापर्यंत चिरली. फेसावर माझं रक्त, त्याचं रक्त, खुर्ची आडवी, आम्ही दोघं फरशीवर. तो खाली, मी वर, मध्ये वस्तरा. तो ओरडत होता, "आप्पा, सोडा, सोडा ना!" मी कुठं धरलं होतं? शेवटी हात एकदम सुटला आणि वस्तरा भिंतीवर जाऊन आदळला.

विलासनं मानेला टॉवेल गुंडाळून ड्राइव्ह केलं. एमर्जन्सीत माझ्या बोटांना टाके घालताना नर्सनं उजवं मनगट उलटं केलं. चार बोटं आणि अंगठा, काळेनिळे उमटलेले. तिनं विलासकडं संशयानं बघितलं. तो म्हणाला, मी हात लावला नाही. त्याचा पंजा फावड्याएवढा आहे. नर्स बुटकी बाई. तिनं आपली बोटं त्या खुणांवर ठेवली, बरोबर बसली. तिनं काहीतरी विचारलं. विलास माझ्या मनगटाकडंच बघत राहिला.

मी म्हणालो, "काय म्हणतीय?"

"विचारतायत, घरात बाई कोण आहे."

तो वस्तरा मी हातोड्यानं ठेचला. त्या म्हातारीकडं पुन्हा गेलो नाही. काकाचं काय ते ऐकून माझी बोटं थोडीच परत वळणार आहेत? डाव्या हाताची तीन अजून सरळच आहेत.

विलास सगळ्यांना सांगतो की आईनं वाचवलं, आप्पांचा हात आईनं धरून ठेवला. सांगताना त्याचे डोळे भरतात. मी मान हलवतो. आता तो हे वाचेल... वाचू दे. धरलं तिनंच, एवढं मला कळतं. बेचाळीस वर्षं तो हात माझ्या ओळखीचा होता. पण मनगटावर पकडीची खूण उठते, पोरा. ओढलं कुणीकडं, त्याची खूण उठत नाही.